४५ हजारांचं गणित

गाडी ४५ हजारांना घेतली, हे मी पुष्कळांना पुष्कळदा ऐकवलं आहे. त्यानंतर जे जे चुकलं त्यातलं बरंचसं ह्या एका आकड्यामुळे चुकलं, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मारुती ८००, २००५ सालची, पांढरी, एसीची. २०१७ च्या दिवाळीनंतर घेतली. आम्ही राहतो लोणी काळभोरला आणि माझी शाळा यवतच्या पुढे, हमरस्त्यापासून आत असलेल्या एका वस्तीवर. लोणी स्टेशनवरून दौंडकडे जाणारी डेमू यवतला सोडते. तिथून वस्तीपर्यंत पोचवणारं काही नाही. एसटीचंही तेच. काही वर्षं स्कूटरवर काढली. पण सोलापूर रस्त्यावरचे ट्रेलर, उसाच्या ट्रॉल्या आणि आमच्याच गावच्या डेपोतून भरून निघालेले पेट्रोलचे टँकर, ह्यांच्यामधून मी भर पावसात स्कूटर काढते हे घरच्यांना बघवेना. घराचा हप्ता चालू होता, नवी गाडी झेपणारी नव्हती. म्हणून जुनी.

मी सातवीला शेकडेवारी शिकवते. त्यामुळे दुरुस्तीचा आकडा कानावर पडला की मनात आपोआप भागाकार व्हायचा. ९ हजार म्हणजे गाडीच्या किमतीच्या २० टक्के. ४५ हजारांच्या वस्तूवर एका फटक्यात ९ हजार घालणाऱ्याला शहाणं कोण म्हणेल? भागाकार बरोबर होता, छेद चुकीचा घेतला होता. टायर, क्लच, बॅटरी, लेथवाल्याची मजुरी, ह्यांतल्या कशालाही तुम्ही गाडी कितीला घेतली ते माहीत नसतं. पाच लाखांच्या गाडीचं हेड उघडायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढाच ४५ हजारांच्या गाडीचं उघडायला लागतो. हे मला कळायला बरीच वर्षं गेली, आणि तोवर मी प्रत्येक वेळी ‘गाडीच्या मानाने’ स्वस्त पडेल असा तोडगा काढत राहिले.

पहिली चूक गाडी बघतानाच झाली. एजंटाने हडपसरला संध्याकाळी बोलावलं. आम्ही पोचलो तेव्हा गाडी नुकतीच कुठून तरी फिरून आली होती. किल्ली फिरवली, क्षणात सुरू. आम्ही खूश. इंजिन गार असताना, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करून बघायची असते. धूर, खडखड, चोक झाल्यासारखं धक्के खाणं, जे काय असेल ते तेव्हा दिसतं. तापलेलं इंजिन सगळं झाकून घेतं. ह्यांनी टेप लावून बघितला. मी सीट कव्हरं बघितली. नवीकोरी होती. मीटरवर ५८ हजार किलोमीटर दिसत होते आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं. ह्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे गणिताच्या बाईंच्या लक्षात आलं नाही. पायाखालचं मॅटिंग उचलून बघण्याचं तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

टायरांची नक्षी मात्र मी वाकून बघितली, आणि त्याचा मला अभिमानही वाटला. नक्षी चांगली शाबूत होती. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरांवर ३११० होतं, म्हणजे २०१० सालचा एकतिसावा आठवडा. ह्या टायरांवर गाडी कमी फिरलेली, म्हणून नक्षी राहिली; रबर मात्र सात वर्षांत वाळून तडकलेलं. पुढच्याच उन्हाळ्यात उरुळी कांचनजवळ एका टायरला फुगा आला. चारही टायर बदलायचे तर साडेनऊ हजारांच्या आसपास. झाला भागाकार. दोनच बदलले आणि ते पुढे टाकले, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग चांगले टायरही पुढेच हवेत असं आम्हालाही वाटलं आणि टायरवाल्यालाही. दोनच नवे घेत असाल तर ते मागे टाका, असं टायर कंपन्या सांगतात. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर साध्या चालकाला गाडी सावरत नाही. हे मी वाचलं ते त्या पावसाळ्यात गाडीची मागची बाजू एकदा झोकांडली, त्यानंतर. समोरून काही येत नव्हतं म्हणून आज हे लिहिते आहे.

आता तापण्याची गोष्ट. ती जरा लांब आहे, कारण पैसेही तिथेच सगळ्यांत जास्त गेले.

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या शाळा सकाळच्या असतात. सुटून परत निघायचं ते भर दुपारी. हमरस्त्यावर गाडी ठणठणीत चालायची, पण थेऊर फाट्याला वाहनं तुंबली की तापमानाचा काटा वर सरकायला लागायचा. वाट मोकळी झाली की परत खाली. ह्याचा अर्थ कुठलाही मेकॅनिक झोपेत सांगेल. गाडी चालत असताना समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो. उभी राहिली की ते काम इलेक्ट्रिक पंख्याचं. उभी असताना तापते आणि चालताना निवते म्हणजे पंखा वेळेवर सुरू होत नाही. ह्याउलट मोकळ्या रस्त्यावर वेगात असतानाही तापत असेल तर पाणी कमी आहे, रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा थर्मोस्टॅट अडकला आहे, अशा दिशेनं शोध घ्यायचा. मला हे ठाऊक नव्हतं. मी काटा वर गेला की एसी बंद करायची आणि देवाचं नाव घ्यायची.

रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने दोन उपाय केले. पहिला, थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह काढून टाकला. “आपल्याकडं एवढं ऊन, याची काय गरज हाय?” असं त्याचं म्हणणं. मला पटलं, शिवाय फुकट होतं. हा व्हॉल्व्ह इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही आणि ८०-८५ अंशांच्या आसपास उघडतो. तो काढला की इंजिनाला हव्या त्या तापमानाला यायला फार वेळ लागतो. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटरला वाटत राहतं की इंजिन अजून गारच आहे आणि तो जास्तीचं पेट्रोल पाजत राहतो. त्या हिवाळ्यात माझं ॲव्हरेज पडलं आणि मी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोल पंपही बदलून पाहिला. व्हॉल्व्ह परत बसवायचं काही सुचलं नाही.

दुसरा उपाय म्हणजे पंखा ‘डायरेक्ट’ करणं. पंखा चालू करणारा सेन्सर गेलाय, नवा हजाराच्या आतबाहेर पडेल, त्यापेक्षा डॅशबोर्डखाली एक बटण लावून देतो, गर्दीत शिरलात की दाबायचं. दीडशे रुपयांत काम. मी त्याला वर चहाही पाजला.

त्यातच रेडिएटरमध्ये मी आमच्या बोअरचं पाणी घालत होते. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने बादल्यांवर पांढरे थर धरतात. तेच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरणार, हे घर झाडता-पुसताना रोज डोळ्यांसमोर असूनही ध्यानात आलं नाही. कूलंट घातलं नव्हतं, कारण कूलंट महाग आणि उकळी फुटण्याइतकी थंडी आपल्याकडे कुठे पडते, असा एक अडाणी विचार. हा विचार मी शिक्षकांच्या खोलीत बोलूनही दाखवला होता, आणि थंडीने पाणी गोठतं, उकळत नाही, ही दुरुस्ती एकाही सहकाऱ्याने केली नाही. कूलंट गंज धरू देत नाही आणि पाण्याचा उकळण्याचा बिंदूही वर नेतं. उन्हाळ्यातच ते जास्त लागतं.

एका एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेचे पेपर मागच्या सीटवर होते, मुलाचा फोन चालू होता, थेऊर फाट्याला नेहमीसारखी रांग होती आणि मी बटण दाबायचं विसरले. लक्षात आलं तेव्हा काटा लाल रेघेला टेकला होता. तिथेच बाजूला घेऊन बंद करायला हवी होती. घर जवळ आलंय, दहा मिनिटांचा प्रश्न आहे, म्हणून तशीच रेटली. हीटर पूर्ण चालू केला असता तर इंजिनाची थोडी उष्णता तरी बाहेर पडली असती. उन्हाळ्यात हीटर लावायची ही युक्ती मला नंतर कळली. कदमवाकवस्तीच्या अलीकडे बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली आणि गाडी स्वतःच थांबली. मग मी पुढची चूक केली. फडक्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उसळून बाहेर येतं. मनगटावरचा डाग अजून आहे. आणि एवढ्यावर न थांबता बाटलीतलं गार पाणी त्या तापलेल्या इंजिनात ओतलं.

हेड गॅस्केट उडालं. हेड ॲल्युमिनियमचं असतं, जास्त तापलं की वाकतं. डिपस्टिक काढली तर ऑइल दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. आमच्या गावातल्या ज्या मेकॅनिककडे ओढून नेली, तो तेव्हापासून आमचा झाला. त्याने हेड उतरवून लेथवाल्याकडे पाठवलं, प्लेन करून आणलं, गॅस्केट, ऑइल, फिल्टर, रेडिएटरची सफाई, नवा थर्मोस्टॅट, नवा सेन्सर. डॅशबोर्डखालचं बटण त्याने काढून माझ्या हातात ठेवलं. “बाई, हे घरी न्या, कुठं बल्बला लावा.” बिल ११ हजारांच्या पुढे गेलं. त्यातले सेन्सर आणि थर्मोस्टॅट मिळून दीड हजाराचेही नव्हते.

ह्यावरून मी शहाणी झाले असेन असं वाटेल. झाले नाही. भागाकार चालूच होता, उलट आता त्यात ‘आधीच ११ हजार घातलेत’ ह्याची भर पडली.

क्लचचं बघा. आषाढी वारीत तुकोबांची पालखी पुण्याहून निघाली की लोणी काळभोरला मुक्कामाला येते. त्या दिवसांत वाहतूक वळवतात आणि आम्ही गावातली माणसं गल्लीबोळांतून गोगलगायीच्या चालीनं सरकत असतो. मला क्लचवर पाय ठेवून बसायची सवय. अर्धा क्लच दाबून गाडी चढावर धरून ठेवणं मला कौशल्याचं वाटायचं. पालखी पुढे यवतला गेली आणि माझ्या गाडीचा क्लच गेला. इंजिन ओरडायचं, गाडी ढिम्म. मेकॅनिक म्हणाला, “प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सेटच टाका.” सेट साडेतीन हजारांच्या घरात, नुसती प्लेट हजार-बाराशेला. मी म्हटलं, गेली आहे ती प्लेट, तर प्लेटच टाक. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि टाकली. काही महिन्यांत बेअरिंग किरकिरायला लागलं, तेही गेलं. ते बदलायला गिअरबॉक्स परत खाली. क्लचच्या कामात सुट्या भागांइतकेच पैसे गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचे असतात, आणि ते मी दोनदा मोजले. त्याने दुसऱ्या वेळी मजुरीत सवलत दिली. मी न मागता दिली, त्याचं जास्त लागलं.

एक्सलच्या बुटाचंही तसंच. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्याच्या टोकाला सांधा असतो, त्यात ग्रीस भरलेलं असतं आणि त्यावर रबरी बूट. बूट फाटला की ग्रीस उडून जातं आणि धूळ आत शिरते. सर्व्हिसिंगच्या वेळी मला फाटका बूट दाखवला होता. बदलायला पाच-सहाशे लागले असते. गाडी तर छान चालत होती. वर्षभराने वळताना चाकाकडून टकटक ऐकू येऊ लागली. टकटक सुरू झाली की बूट बदलून उपयोग नसतो, सांधाच बदलावा लागतो.

बॅटरीबाबत मी उलट्या दिशेने चुकले. सकाळी गाडी सुरू होईना म्हणून नवी बॅटरी घेतली. ती दीड वर्षात बसली म्हणून आणखी एक घेतली. एकदाही कुणाला विचारलं नाही की बॅटरी संपते कशाने. आधीच्या मालकाने बसवलेला टेप गाडी बंद असतानाही थोडा थोडा करंट खात होता, आणि इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती. मल्टिमीटर लावून वायरमनने दहा मिनिटांत शोधलं. टेप काढला, पट्टी बदलली. तिसरी बॅटरी अजून चालू आहे. बॅटरीसाठी मात्र मी भागाकार केला नव्हता, कारण बॅटरीला वॉरंटीचं कार्ड मिळतं आणि कार्ड मिळालं की खर्च केल्यासारखा वाटत नाही.

गंजाबद्दल थोडक्यात. मॅटिंग उचललं ते तिसऱ्या पावसाळ्यात, गाडीत कुबट वास यायला लागला तेव्हा. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्र्याला चाळण पडली होती, रस्ता दिसत होता. मी बाजारात मिळणारं काळं अंडरकोटिंग खालून मारून घेतलं. गंज खरवडून काढल्याशिवाय वर डांबरासारखा थर दिला की ओल आत कोंडते आणि गंज झाकल्या जागी बिनबोभाट वाढतो. दोन वर्षांनी रनिंग बोर्डासकट पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागला. आता पावसाळ्यात महिन्यातून एकदा मॅटिंग काढून गच्चीवर वाळत घालते. शेजारणीला वाटतं मला स्वच्छतेचं वेड आहे.

हे सगळं वाचून गाडीच वाईट होती असं कुणी म्हणू नये. १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली तेव्हापासून जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ही गाडी तीस वर्षं बनत होती. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज-४ चे नियम ज्या तेरा शहरांत आधी लागू झाले त्यांत पुणे होतं आणि सोलापूरही; आमच्या हमरस्त्याच्या दोन्ही टोकांना नवी ८०० मिळणं तेव्हाच बंद झालं. पण रस्त्यावर इतक्या आहेत की सुटे भाग नाना पेठेपासून उरुळीपर्यंत कुठेही मिळतात आणि इतर कुठल्याही गाडीपेक्षा स्वस्त मिळतात. तीन सिलिंडरांचं, ७९६ सीसीचं इंजिन, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. जी गाडी नीट ठेवणं इतकं सोपं, ती मी चार वर्षं अवघड करून ठेवली.

कागदांत तर हाच भागाकार मला सगळ्यांत मूर्खपणाने नडला. घेतली तेव्हा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि नाव लावायचं काम एजंटावर सोडलं. ते कित्येक महिने लोंबकळलं. गाडी विकली गेली की १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. तिऱ्हाइताच्या नुकसानीचं संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. नशिबाने तेवढ्या काळात काही झालं नाही. पुढे मी हौसेने संपूर्ण विमा काढला. शेवाळवाडीला एका टेंपोने डावं दार घासलं तेव्हा पॉलिसीचे नियम पहिल्यांदा वाचले. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा, दहा वर्षांवरच्या गाडीच्या पत्र्यावरही ५० टक्के. हातात आलेल्या पैशात दाराचा रंगही झाला नसता. त्याच नियमांत आणखी एक होता: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण बाद धरायची. ते वाचताना मला माझाच भागाकार दिसला. कंपनीच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे, तिला पैसे देऊन मोकळं व्हायचं असतं. मला दुसऱ्या दिवशी शाळेत पोचायचं असतं. आता फक्त तिऱ्हाइताचा विमा काढते. १००० सीसीच्या आतल्या गाडीला त्याचा दर जून २०२२ पासून २,०९४ रुपये, अधिक जीएसटी.

२०२० मध्ये गाडीला १५ वर्षं झाली. कोविडमुळे केंद्र सरकारने कागदपत्रांना २०२१ पर्यंत मुदतवाढ दिली, म्हणून मी निवांत. तेव्हा मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण ६०० रुपयांत व्हायचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये अधिसूचना निघाली की १ एप्रिल २०२२ पासून हेच शुल्क ५ हजार होणार, आणि उशीर केला तर वर दर महिन्याला ५०० रुपये. पेपरात आलं होतं, स्टाफरूममध्ये चर्चा झाली होती. शिवाय १५ वर्षांवरच्या पेट्रोल मोटारीला राज्याचा ३ हजारांचा पर्यावरण कर होताच. मी काय केलं? गाडी ठेवावी की काढावी ह्याचा विचार. आरटीओत खेपा घालून, कर भरून, पुन्हा ही १६ वर्षांची गाडी? एका गृहस्थांनी सांगितलं की १५ वर्षांनंतर पेट्रोलच्या गाड्या भंगारातच जाणार आहेत, कोर्टाचा निर्णय आहे. तो निर्णय दिल्ली परिसरापुरता होता. महाराष्ट्रात तपासणीत उतरली तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. खात्री करून घेण्याऐवजी मी एप्रिल उलटू दिला. फॉर्म २५ भरला तेव्हा ६०० च्या जागी ५ हजार, वर उशिराचे, वर पर्यावरण कर. मनात ‘४५ हजारांची गाडी’ नसती तर हे काम आधीच्या दिवाळीच्या सुटीतच उरकलं असतं.

त्या वेळी ह्यांनी एक साधा प्रश्न विचारला. “अगं, गाडी किमतीच्या किती टक्के खाते ते राहू दे. महिन्याला किती खाते?” मला सांगता येईना. आठवत होती ती फक्त मोठी बिलं, कारण ती दुखली होती. तेव्हापासून एक वही केली. पेट्रोल सोडून ऑइल, टायर, विमा, पीयूसी, गॅरेज, काच, सगळं तीत. गेल्या तीन वर्षांची सरासरी महिन्याला दोन हजारांच्या थोडी वर येते, आणि त्यात क्लचची तार तुटली तो महिनाही आला. आमच्या शाळेतल्या दोघी हडपसरहून व्हॅन लावून येतात, त्यांना माणशी ह्याहून जास्त पडतं. नव्या छोट्या गाडीच्या नुसत्या हप्त्याशी तर तुलनाच नको. छेद हा असायला हवा होता.

वहीमुळे आणखी एक कळलं. पैशांचा मोठा भाग यंत्र बिघडल्याने जात नाही. ऑइल वेळेवर, कूलंट दोन वर्षांनी, बूट आणि बुश फाटताक्षणी, टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचा पुरावा नसेल तर मीटरवर विश्वास न ठेवता लगेच, एवढं केलं की जुनी ८०० बहुधा गप्प असते. माझ्या वहीतली अजूनही दुखणारी बिलं बॉडीची आहेत. इंजिनाला भाग मिळतात, पत्र्याला वेळ लागतो आणि चांगला पत्रेवाला आता शोधावा लागतो.

अलीकडची एक चूक पेट्रोलची. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई–पुणे–सोलापूर पाइपलाइन आमच्या गावातूनच जाते, डेपो दाराशी, टँकरच्या रांगा रोजच्या. २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता सगळीकडे तेच. २००५ च्या गाडीची रबरं ह्या मिश्रणासाठी बनलेली नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं आहे की १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटू शकतं. ॲव्हरेजचं मी समजून घेतलं. मे महिन्याच्या सुटीत गाडी टाकी भरून दारात उभी ठेवली आणि जूनमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला, तो मात्र ‘डेपोचा असेल’ म्हणून काही दिवस सोडून दिला. लोणीत राहणाऱ्या माणसाला ही सबब फार सोयीची आहे. इंधनाची रबरी नळी तडकून पाझरत होती, तापलेल्या इंजिनापासून वीतभर अंतरावर. मेकॅनिकच्या मते इथेनॉलमुळे. नळी वीस वर्षांची होती, माझ्या मते तिने दोन्ही कारणांनी दम तोडला. सगळ्या नळ्या एकदम बदलून घेतल्या, बाराशे रुपयांत. ह्या वेळी नुसती फुटलेली बदल असं मी म्हटलं नाही, आणि मेकॅनिकने ते लगेच ओळखलं. “बाई, यंदा पगारवाढ झाली वाटतं.”

ऑगस्ट २०२५ मध्ये नवी अधिसूचना आली. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाला आता १० हजार. शिवाय जुन्या गाड्यांना नव्या सुरक्षा नंबरप्लेटा सक्तीच्या, त्याचे चारचाकीला ७४५ आणि वर जीएसटी. ते मी मुदतीत भरून टाकलं. ह्यांनी १० हजारांची बातमी वाचून दाखवली आणि म्हणाले, “विकली तरी निम्मे-पाऊण एवढ्यातच जातील.” माझीच सवय आता त्यांना लागलेली दिसते. पाच वर्षांचे १० हजार म्हणजे महिन्याला १६७ रुपये, मी वहीच्या मागच्या पानावर करून दाखवलं.

नूतनीकरण करायचं ठरलं आहे. तपासणीला न्यायच्या आधी मागचे दोन टायर, पिवळे पडलेले हेडलाइट आणि डावीकडचा रनिंग बोर्ड एवढं करून घ्यायचंय. पत्रेवाल्याने एप्रिलची तारीख दिली आहे. त्याचा एप्रिल जूनमध्ये जातो हा अनुभव आहे, म्हणून त्याला मी तुकोबांची पालखी लोणीत यायच्या आत गाडी हवी असं सांगून आले आहे.